त-१९ चा खुलासा

लेख पाठवल्यानंतर सहाव्या मिनिटाला तो परत आला.

डॉ. केतकी पाटणेला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. मिरजेतल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा आणि गुप्तरोग विभागात तिला अकरा वर्षं झाली होती, आणि स्वतःचे-दुसऱ्यांचे मिळून पन्नासएक शोधनिबंध तिनं जर्नलांकडे धाडले होते. ते कशाकशासाठी परत येतात हे तिला पाठ होतं. सारांश अडीचशे शब्दांच्या वर गेला, तक्त्याला शीर्षक द्यायचं राहिलं, संदर्भांचा क्रम चुकला, एखाद्या सहलेखकाची सही नाही. विभागात तर बोललंच जायचं, की लेख कुणाचाही असो, धाडायच्या आधी एकदा केतकीच्या नजरेखालून जाऊ दे.

म्हणून चहाचा कप हातात तसाच ठेवून तिनं पत्र उघडलं. लैंगिक आरोग्याचं ते परदेशी जर्नल नेहमीप्रमाणे मोजकं बोलत होतं.

'निरोगी तुलना गटातील नमुना त-१९ निरोगी नाही. त्यातील जंतू आपल्याच वंशरेखेत मधल्या फांदीवर बसतो. खुलासा करावा, किंवा नमुना वगळण्याचे कारण द्यावे. मुदत एकवीस दिवस.'

तुलना गटात चाळीस जण होते, त्यांचे नमुने यंदाच्या जूनमध्ये घेतलेले. विभागातले डॉक्टर, परिचारिका, शेजारच्या प्रयोगशाळेतले कर्मचारी. नावं कुठंच नव्हती, नुसते क्रमांक. कुणाचा क्रमांक कोणता, ती यादी समुपदेशक मंगल आवळे यांच्या कपाटात कुलपात होती आणि केतकीनं ती कधी मागितलीही नव्हती. मात्र ज्याला त्याला आपापला क्रमांक माहीत होता.

त-१९ म्हणजे स्वतः केतकी.

तिनं चहा संपवला. कप धुऊन पालथा घातला. मग खुर्चीत बसून ते पत्र पुन्हा एकदा, पहिल्या शब्दापासून वाचलं.

ही २०३८ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. तोवर परमा, म्हणजे डॉक्टर ज्याला गनोरिया म्हणतात तो रोग, पुन्हा फोफावला होता. एके काळी एका इंजेक्शनात बरा होणारा हा रोग एकेका औषधाला जुमानेनासा झाला होता, आणि शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं इंजेक्शनही आता दहातल्या तीन पेशंटना लागू पडत नव्हतं. हा चिवट जंतू कुठून कुठं जातो हे शोधायला केतकी आणि तिचे विभागप्रमुख डॉ. शिरगुप्पे यांनी दोन वर्षं नमुने गोळा केले होते. दोनशे बारा पेशंट, आणि तुलनेला ही चाळीस निरोगी माणसं.

शोधायचं साधन होतं वंशरेखा नावाची संगणक प्रणाली. ती समजावताना केतकी विद्यार्थ्यांना पोथ्यांचं उदाहरण द्यायची. छापखाने नव्हते तेव्हा पोथी हातानं उतरवून घेत. उतरवणाऱ्याकडून कुठं काना सुटे, कुठं एक ओळ दोनदा लिहिली जाई. त्या प्रतीवरून पुढची प्रत करणारा मागची चूक तशीच उतरवी आणि वर स्वतःची एक घाली. म्हणून आज शंभर पोथ्या समोर मांडल्या तर नुसत्या चुकांवरून सांगता येतं, कुठली कुठलीवरून उतरली. जंतूचंही तसंच. तो वाढतो म्हणजे आपल्या जनुकांची प्रत काढतो, आणि किती दिवसांत त्याच्याकडून किती चुका होतात हे आता पक्कं ठाऊक झालं होतं. पूर्वी अशा चुकांवरून फार तर वर्षाचा अंदाज यायचा. वंशरेखा पंधरवडा सांगायची. कुणाकडून कुणाकडे गेला तेही सांगायची. मधे एखादा माणूस असलाच पाहिजे पण त्याचा नमुना आपल्याकडे नाही, असं दिसलं की त्या जागी ती एक रिकामं वर्तुळ काढायची.

जर्नलंही बदलली होती. यंत्रांकडून लिहवून घेतलेल्या खोट्या शोधनिबंधांचा मधल्या काळात इतका सुळसुळाट झाला, की नुसत्या लेखावर कुणी विश्वास ठेवेना. लेखासोबत सगळ्या मूळ नोंदी द्याव्या लागत, आणि जर्नलचं यंत्र ते गणित पहिल्यापासून पुन्हा मांडून बघे. मिरजेत त्या चाळीस जणांची झटपट तपासणी झाली होती आणि तीत चाळीसही निर्दोष निघाले होते. नियम म्हणून त्यांच्या नमुन्यांतली सगळी जनुकं वाचून घेतली होती खरी, पण निर्दोष नमुन्यात काय बघायचं, म्हणून त्या नोंदी कुणी उघडल्या नव्हत्या. जर्नलच्या यंत्रानं उघडल्या. झटपट तपासणीला सापडणार नाहीत इतके थोडे, पण परम्याचेच जंतू त-१९ मध्ये होते.

केतकीनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि त-१९ धरून वंशरेखा पुन्हा चालवली. वीस मिनिटांनी चित्र तयार झालं.

फांदी हैदराबादच्या एका जुन्या नमुन्यापासून निघत होती. तिथून २०३७ च्या जानेवारीत, दुसऱ्या पंधरवड्यात, जंतू एका रिकाम्या वर्तुळात आला होता. त्या वर्तुळाला दोन फाटे होते. एक मार्चमध्ये र-८७ या पेशंटकडे गेला होता. दुसरा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात त-१९ कडे.

त्या जानेवारीत रणजित हैदराबादला होता. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. रणजित नलवडे, तिचा नवरा, जतकडच्या उपसा सिंचन योजनेवर पंपांचा इंजिनिअर. आठवड्यातले चार दिवस तिकडच्या क्वार्टरमध्ये, तीन दिवस मिरजेत. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, मुलगी अन्वी पुण्यात होस्टेलवर होती. केतकीच्या आयुष्यात रणजितशिवाय कुणी आलंच नव्हतं. तेव्हा त्या वर्तुळात कोण, हा प्रश्न नव्हता.

र-८७ चं नाव कुठं नव्हतं. पण तिला तपासलं केतकीनंच होतं. एकतीस वर्षांची, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, जतजवळच्या गावात टपाल वाटणारी बाई. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये पोटात दुखतं म्हणून आली होती. परमा आत चढून बीजवाहिन्या सुजल्या होत्या. जोडीदाराला घेऊन या, असं केतकीनं सांगितल्यावर ती म्हणाली होती, "ते नाही यायचे. त्यांना घर आहे." ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली ती थेट ऑपरेशनच्या टेबलावर. गर्भ नळीतच राहून नळी फुटली होती. ती काढून टाकावी लागली, आणि दुसरीही बंद झालेली निघाली. वॉर्डात जाऊन केतकीनं तिचा हात धरला होता. आता नैसर्गिकरीत्या मूल होणार नाही हे तिला समजावून सांगायचं काम केतकीवर आलं होतं.

केतकीनं चित्र बंद केलं. ओपीडीची वेळ झाली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिनं सोळा पेशंट पाहिले आणि सोळा कागद लिहिले. शेवटच्या कागदावरचं तिचं अक्षर पहिल्यासारखंच स्वच्छ होतं.

डॉ. शिरगुप्पे साठीला आले होते. हा लेख निवृत्तीआधी छापून यावा एवढीच त्यांची इच्छा होती.

"भेसळ लिहून टाक," जर्नलचं पत्र वाचून ते म्हणाले. "पेशंटचे नि आपले नमुने एकाच टेबलावर हाताळले. एखादा थेंब इकडचा तिकडं झाला असेल. त-१९ वगळला म्हणायचं, विषय संपला."

"भेसळ असती तर तो जंतू एखाद्या पेशंटच्या जंतूशी तंतोतंत जुळला असता, सर. हा जुळत नाही. याच्या स्वतःच्या चौदा महिन्यांच्या चुका आहेत."

"चौदा महिने?" शिरगुप्पेंनी चष्मा काढला. "आणि लक्षण काहीच नाही?"

"काहीच नाही."

ते उठून खिडकीपाशी गेले आणि लगेच परत आले. बऱ्याच दिवसांत केतकीनं त्यांना इतकं तरतरीत पाहिलं नव्हतं. "अगं, मग हेच तर आपल्याला सापडत नव्हतं! आपण दोन वर्षं आजारी माणसांत शोधतोय. तो मुळी निरोगी माणसांत बसलाय. लपून, वर्षवर्ष. जे आपण होऊन ओपीडीत येतात तेवढ्यांनाच औषध देऊन हा रोग हटायचाच नाही. हा एक नमुना बाकीच्या दोनशे बारांपेक्षा मोलाचा आहे. कोण आहे ती व्यक्ती? तिला समजावून सांगितलं तर—"

"मी आहे, सर."

शिरगुप्पे खुर्चीत बसले. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी उगाच उजवीकडून डावीकडे ठेवला. बाहेर वॉर्डबॉय कुणाला तरी रांग धरायला सांगत होता.

"केतकी," ते म्हणाले, "भेसळच लिहू या. मी सही करतो. कुणी विचारायचं नाही."

पहिल्या वेळी ते कामाचा निपटारा म्हणून बोलले होते. आता त्यांच्या आवाजात माया होती. केतकीला तो फरक कळला, जसा कागदावर वाचून कळावा तसा.

"तुमच्या सहीनं खोटं जाईल," ती म्हणाली. "आणि त्या र-८७ ला मी नुसतं जोडीदाराला घेऊन या म्हटलं होतं. तो आला नाही, मी पुढं बघितलं नाही. बायका अशाच यायच्या आणि आपण असंच सांगत राहायचं, सर."

"तुला ओळखतील लोक. चाळीस जणांत त्रेचाळीस वर्षांच्या विवाहित बायका कितीशा आहेत?"

"तीन."

"मग?"

"मुदतीला वीस दिवस आहेत," केतकी म्हणाली. "आधी बाकीचं करून घेते."

बाकीचं म्हणजे जे कुठल्याही पेशंटच्या बाबतीत करायचं ते. खोली नंबर आठमध्ये, जिथं नाव विचारत नाहीत, तिनं मंगलताईंकडून स्वतःचा नमुना पुन्हा घेतला. जंतू अजून होता. एप्रिलपासून मोजले तर एकोणीस महिने झाले होते. या जंतूला इंजेक्शन एकटं पुरत नसे, म्हणून जोडीला गोळ्या. मंगलताईंनी इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरला आणि मग टेबलाशी जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. त्या इथं सतरा वर्षं होत्या. त-१९ ची यादी त्यांच्याच कपाटात होती.

"मॅडम, चिठ्ठी..." त्या म्हणाल्या.

"द्या की."

"मी काय सांगू तुम्हाला. तुम्हाला सगळं ठावं आहे."

"सगळ्यांना सांगता तसं सांगा, मंगलताई. म्हणा."

मंगलताईंनी घसा साफ केला. "ही चिठ्ठी तुमच्या जोडीदाराला द्या. त्यांना इथं नाव सांगावं लागणार नाही. औषध दोघांनी घेतल्याशिवाय उपयोग होत नाही." आणि खाली बघत, चिठ्ठीवर नसलेलं एक वाक्य त्यांनी जोडलं. "वाईट वाटून घेऊ नका."

"नाही," केतकी म्हणाली. खरंच वाटत नव्हतं. तिला त्याचीच थोडी काळजी वाटली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर रणजित स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डाळिंबं सोलत बसला होता. जतहून येताना तो ती नेहमी आणायचा, आणि सोलायचं काम त्याचंच असायचं. केतकीनं चिठ्ठी वाडग्याशेजारी ठेवली.

"उद्या सकाळी नऊला आठ नंबरला ये. नमुना द्यायचा आणि इंजेक्शन घ्यायचं."

रणजितनं चिठ्ठी वाचली. हे काय आहे, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. जंतूवरून कळतं." आणि तिनं त्याला वंशरेखा समजावून सांगितली, विद्यार्थ्यांना सांगायची तशी, पोथ्यांसकट. हैदराबाद सांगितलं, एप्रिल सांगितला. र-८७ बद्दल काही सांगितलं नाही. त्याची लाल झालेली बोटं ओल्या फडक्यावर तशीच पडून होती. मग तिनं फॉर्म काढला.

"काही प्रश्न आहेत. गेल्या दोन वर्षांत किती जणांशी संबंध आला?"

"केतकी, अगं—"

"आकडा सांग."

"दोन," तो म्हणाला. "तू सोडून."

"हैदराबादची एक."

"एकदाच. शेवटच्या आठवड्यात. ती पण प्रशिक्षणालाच आली होती."

"नंतर त्रास झाला?"

"फेब्रुवारीत जळजळत होतं. तिकडच्या मेडिकलमधून गोळ्या घेतल्या. थांबलं. मला वाटलं, गेलं."

"मला का नाही विचारलंस?"

हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. दोघांच्याही ते लक्षात आलं. केतकी पुढच्या रकान्याकडे वळली.

"दुसरी?"

"ते संपलं. मागच्या वर्षीच." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "ऑगस्टपासून तिनं फोन घेणंच बंद केलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. तिच्या गावाला जाऊन दारातून परत आलो एकदा. दार उघडलं नाही तिनं." मग त्यानं मान वर केली. "तिलाही झालं असेल का गं हे? ती बरी आहे का?"

केतकीच्या डोळ्यांसमोर ऑगस्टची केसपेपरची फाईल आली. दहावा आठवडा, डावी नळी. दिवस मोजले तर जून. रणजितला दुसरं मूल हवं होतं, अन्वीनंतर चार वर्षं तो ते बोलत होता, मग बोलायचा थांबला होता. एका वाक्यात ती त्याला सगळं सांगू शकली असती. त्या वाक्यानं त्याचं काय झालं असतं हेही तिला दिसत होतं. आणि त्या वाक्यावर तिचा काडीचाही हक्क नव्हता.

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

"येत नाही म्हणजे? माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"येत नाही."

"तू ओरड तरी माझ्यावर. काहीतरी फेकून मार. हे काय, रकाने भरतेयस?"

"तुला औषधाची कसली ॲलर्जी आहे का?"

"तुला माहितीये नाही म्हणून!"

"नाही," तिनं लिहिलं.

"अन्वीला सांगणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही. इथं सही कर."

त्यानं सही केली. कागदावर लाल अंगठा उमटला. तो बाहेर निघून गेल्यावर केतकीनं उरलेली डाळिंबं सोलली, दाणे डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले. मग बसल्या बसल्या पेन्सिलीचं टोक मनगटाच्या वर टोचून पाहिलं. कुष्ठरोगाच्या पेशंटच्या चट्ट्यावर सुई लावून ती रोज विचारायची, इथं लागतंय का, इथं? तिला लागलं. चांगलं दुखलं. नसा शाबूत होत्या.

सोमवारी रणजित आला, रांगेत बसला, नमुना दिला. चार दिवसांनी निकाल आला: त्याच्या शरीरात जंतूचा मागमूस नव्हता. गोळ्यांनी म्हणा किंवा आपोआप, तो कधीच बरा झाला होता. त्याचं वर्तुळ चित्रात रिकामंच राहिलं. पण शास्त्राच्या दृष्टीनं त्याला मोठा अर्थ होता. जंतू पुन्हा पुन्हा नवऱ्याकडून येत होता असं आता कुणी म्हणू शकत नव्हतं. केतकीच्या जून आणि नोव्हेंबरच्या दोन्ही नमुन्यांतल्या चुका एकाच ओळीत लागत होत्या. एकोणीस महिने त्याला सांभाळलं होतं ते तिच्या एकटीच्या शरीरानं. आपला निकाल अभ्यासात वापरायला रणजितनं लेखी संमती दिली. "एवढं तरी करू शकतो," तो म्हणाला. केतकीनं कागद घेतला आणि पाकिटात घातला.

त्या फांदीवरच्या सगळ्या पेशंटना पुन्हा तपासायला बोलावलं होतं. एका मंगळवारी र-८७ आली. खाकी पिशवी खांद्यालाच होती, टपाल वाटूनच ती बस धरून आली असावी. केतकीला बघून तिचा चेहरा मोकळा झाला.

"बरं झालं तुम्हीच आहात, मॅडम. मला वाटलं, नवीन कुणी असलं तर काय करू."

"आज तुम्हाला डॉ. कोरे बघतील," केतकी म्हणाली. "इथून पुढं त्याच बघतील. शेजारच्या खोलीत."

"का हो?" बाई उभीच राहिली. "मला परत पहिल्यापासून सगळं सांगायला लागंल."

"नाही सांगावं लागणार. मी सगळं लिहून ठेवलंय त्यांच्यासाठी."

"माझं काही चुकलं का?"

"नाही," केतकी म्हणाली. "तुमचं काही चुकलेलं नाही. आमचा एक नियम आहे."

बाईनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. दारापर्यंत जाऊन ती वळली. "तुम्ही त्या दिवशी वॉर्डात आला होता ना, मॅडम. माझ्याकडं दुसरं कुणीच आलं नव्हतं." आणि ती शेजारच्या खोलीत गेली. तिला काहीच माहीत नव्हतं. केतकीनं कुठलाच हक्क नसताना तिचं सगळं जाणलं होतं, आणि ते परत देता येत नव्हतं. तिनं घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत घेतलं.

त्याच संध्याकाळी तिनं लेख दुरुस्त करायला घेतला. सगळा निष्कर्षच नव्यानं लिहावा लागला. लक्षणांची वाट न बघता जोडीदारांना शोधून तपासलं पाहिजे, हे आता लेखाचं मुख्य वाक्य झालं. त-१९ ची हकीकत तिनं स्वतंत्र परिच्छेदात घातली: 'त्रेचाळीस वर्षांची विवाहित स्त्री. एकच जोडीदार. कोणताही त्रास नाही.' वय नेमकं द्यायचं की चाळीस ते पन्नास म्हणायचं, यावर ती थोडा वेळ थांबली. इतर पेशंटची वयं नियमाप्रमाणे दशकात दिली होती. तिनं तेच केलं.

लेखासोबत प्रत्येक लेखकाचं हितसंबंधांचं निवेदन जोडावं लागतं. कुठल्या औषध कंपनीशी नातं आहे का, कुणाकडून काही घेतलंय का, असलं ते असतं. आजवर तिनं सगळीकडे 'काही नाही' लिहिलं होतं. या वेळी तिनं लिहिलं, 'प्रथम लेखिका हीच नमुना त-१९ आहे. रिकामे वर्तुळ हा तिचा पती असावा, असे तारखांवरून दिसते. त्या फांदीवरील एका रुग्णाचे उपचार लेखिकेने या कारणाने सोडले आहेत.' हा कागद फक्त संपादकांपाशी राहतो, लेख तपासणाऱ्या परीक्षकांना दिसत नाही. रुग्णाच्या संमतीपत्रावरही तिनं स्वतःच सही केली, साक्षीदार मंगलताई. शिरगुप्पेंनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि आपली सही केली. मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना लेख पुन्हा गेला. या वेळी सहा मिनिटं गेली, सहा तास गेले, तो परत आला नाही.

मधल्या दोन महिन्यांत बरंच काही झालं, पण ते एवढं हळूहळू झालं की त्याला घटना म्हणावं असं वाटत नव्हतं. रणजितचं मिरजेला येणं कमी झालं. कुणी ठरवलं नव्हतं. एका शनिवारी पंप बिघडला, पुढच्या शनिवारी तपासणी होती, मग त्यानं कारणं देणं सोडलं आणि तिनं विचारणं. त्याचे हिवाळी कपडे तिनं बॅगेत भरून जतच्या एस.टी.नं पाठवले. अन्वीचा फोन यायचा, ती बाबा कुठंय विचारायची, केतकी साइटवर सांगायची. जेवण वेळेवर होत होतं. शेवटच्या तपासणीत तिच्या शरीरात जंतू उरलेला नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस परीक्षकांचे शेरे आले. दोघांनी लेखाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. तिसऱ्यानं एकच शंका काढली होती.

'त-१९ बाबत "कोणताही त्रास नाही" असे लिहिले आहे. हे तपासणीवरून ठरवले, की रुग्णेला विचारले? विचारले असल्यास नोंद दिसत नाही. कृपया रुग्णेची रीतसर मुलाखत घ्यावी. ती लेखकांपैकी कोणी घेऊ नये.'

शेरा रास्त होता. दुसऱ्या कुणाच्या लेखात केतकीनंही तोच काढला असता.

दुसऱ्या दिवशी ओपीडी आटोपल्यावर, दुपारी अडीचला, ती आठ नंबरमध्ये पेशंटच्या खुर्चीत बसली. मंगलताईंनी नवा फॉर्म घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि अवघडून म्हणाल्या, "विचारू?"

"विचारा. एकही प्रश्न गाळू नका."

"पोटात, ओटीपोटात कधी दुखलं?"

"नाही."

"जळजळ? अंगावरून जाणं?"

"नाही."

"ताप, अशक्तपणा?"

"नाही."

मंगलताईंनी पान उलटलं. मागच्या बाजूला मनःस्थितीचे प्रश्न होते, बहुतेक वेळा घाईत राहून जाणारे. "झोप लागते?"

"लागते. सात तास."

"भूक?"

"जेवते."

"रडू येतं?"

"नाही."

"राग?"

केतकीनं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"कशानं बरं वाटतं?"

मंगलताई थांबल्या, मग तो रकाना मोकळा सोडून पुढं गेल्या. शेवटचाच प्रश्न राहिला होता.

"हे तुम्ही कुणाला सांगितलंय का? आई, बहीण, मैत्रीण, कुणीही?"

केतकीनं आठवून पाहिलं. शिरगुप्पेंना नमुना सांगितला होता, नवऱ्याला चिठ्ठी दिली होती, मंगलताईंच्या कपाटात यादी होती.

"जर्नलला," ती म्हणाली.

मंगलताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्यांनी सावकाश दोन शब्द लिहिले. समोरून, उलट्या बाजूनंही केतकीला ते वाचता आले: 'कुणालाच नाही.'

"असंच जाऊ दे?" मंगलताईंनी विचारलं.

"असंच जाऊ दे," केतकी म्हणाली.